आधी खुरपं, मग चाकू

पावसाने जोर धरला की या सदराच्या टपालात रानभाज्या उगवतात. यंदा टाकळा, कुर्डू आणि शेवळं यांना मागे टाकून अळंबीने बाजी मारली आहे. रानातली अळंबी गोळा करायची तर सोबत काय न्यावं, असं बहुतेकांनी विचारलं आहे. वरवर हा साधनांचा प्रश्न दिसतो, पण त्याच्या पोटात ओळखीचा प्रश्न दडलेला आहे. म्हणून निवडक पत्रांना एकत्रच उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, गाव दापोली तालुक्यात. युरोपातले लोक वेताची टोपली, वाकड्या पात्याचा खास चाकू आणि ब्रश घेऊन अळंबी गोळा करताना व्हिडिओंमध्ये दिसतात. तसा चाकू मागवावा का? आमच्या गावच्या बायका तर हात हलवत जातात आणि पदर भरून आणतात!

उत्तर : चाकू चांगला आहे, पण तो दुसऱ्या रानासाठी घडवलेला आहे. फ्रान्समधली ओपिनेल कंपनी असा अळंबीचा चाकू बनवते. त्याचं पातं किंचित आत वळलेलं असतं आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला डुकराच्या राठ केसांचा छोटा ब्रश असतो. पाइन, ओक, बीच अशा झाडांच्या जंगलात जमिनीवर वाळक्या सुयांचा आणि पानांचा थर साचलेला असतो. तिथे जाड देठाची अळंबी बुडाशी कापायची, तिच्यावरचा कचरा जागच्या जागी झटकायचा आणि स्वच्छ माल टोपलीत ठेवायचा, एवढ्यासाठी ते हत्यार आहे. आपल्याकडे श्रावणात तांबड्या मातीचा चिखल झालेला असतो. त्यावर ब्रश फिरवलात तर चिखल निघत नाही, सारवला जातो.

तुमच्या गावच्या बायका रिकाम्या हाताने जातात, पण अंदाजाने जात नाहीत. कोणत्या वारुळावर, कोणत्या नक्षत्रात, कशी दिसणारी अळंबी येते हे त्यांना आईकडून किंवा सासूकडून कळलेलं असतं. त्या ओळखीच्या जागी जाऊन ओळखीची वस्तू आणतात. शेजारी आणखी दहा तऱ्हेच्या छत्र्या उगवल्या असल्या तरी तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुमच्यापाशी ती ओळख अजून नाही, म्हणून तुम्हाला साधनं लागतील, आणि ती तोडणीपेक्षा ओळख पटवण्याच्या कामाची हवीत. त्या हिशेबाने यादी अशी :

खुरपं. यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच. कारण पुढच्या उत्तरात येईल.

रोवळी किंवा बांबूची दुरडी. तिच्यातून पाणी निथळतं आणि हवा खेळते. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबीला घाम सुटतो, ती दबते आणि काही तासांत लिबलिबीत होते. चांगली खाण्याची अळंबी अशी सडवून खाल्ली तरी पोट बिघडतं, आणि दोष मात्र अळंबीच्या जातीला दिला जातो.

कागदी पिशव्या किंवा मोठी पानं. दोन ठिकाणची, दोन रूपांची अळंबी कधीही एकत्र ठेवायची नाही. प्रत्येक प्रकाराची पुडी वेगळी.

दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते, पेन्सिल टिकते. सोबत पंधरा सेंटिमीटरची पट्टी असली तर उत्तम.

काठी. ही शोभेची नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर फुरसं असतं आणि पडक्या वारुळाच्या बिळांत इतर सापही आसऱ्याला येतात. हात घालण्याआधी काठीने गवत बाजूला करायचं आणि भोकात हात घालायचाच नाही. पायात गमबूट हवेत.

चाकू शेवटी येतो. घरातली भाजी चिरायची छोटी सुरी झाकण लावून नेली तरी भागतं.

प्रश्न : अळंबी कापावी की उपटावी? उपटली तर पुढच्या वर्षी येत नाही असं ऐकलं आहे.

उत्तर : या वादाने युरोपात कित्येक पिढ्यांची करमणूक केली आहे. कापणारे म्हणतात, उपटल्याने जमिनीतलं जाळं तुटतं. उपटणारे म्हणतात, कापल्याने उरलेला बुंधा कुजतो आणि जाळ्याला रोग लागतो. याचा निकाल लावण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये ला शानेआझ नावाच्या राखीव जंगलात १९७५ साली प्रयोग सुरू झाला. काही तुकड्यांत अळंबी कापायची, काहींत उपटायची, काहींना हातच लावायचा नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. जवळजवळ तीन दशकांच्या नोंदींचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कापण्याने किंवा उपटण्याने पुढच्या पिकात फरक पडत नाही. फरक पडला तो माणसांच्या पायांनी. जिथे सतत तुडवलं गेलं तिथे कमी अळंब्या वर आल्या. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पिवळ्या शँटरेल अळंबीवर १९८६ पासून असाच प्रयोग झाला, तिथेही काढणीमुळे पीक घटल्याचं दिसलं नाही.

याचं कारण सोपं आहे. आपण जिला अळंबी म्हणतो ते बुरशीचं फळ. खरी बुरशी म्हणजे जमिनीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं. कैरी तोडली म्हणून आंब्याचं झाड मरत नाही, तसंच हे.

म्हणजे बुरशीच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्याच. खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यांत जीवन-मरणाचं अंतर असू शकतं. जगातले बहुतेक अळंबीमृत्यू ज्या अमॅनिटा प्रजातीमुळे होतात त्यातल्या प्राणघातक जातींची सर्वांत मोठी खूण मातीत असते. देठाच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं. कोवळी अळंबी त्या पिशवीत अंड्यातल्या पिलासारखी गुंडाळलेली असते आणि वाढताना ती फोडून वर येते. तुम्ही देठ जमिनीलगत कापलात की ही पिशवी मातीतच राहते आणि हातात येते एक निरुपद्रवी दिसणारी पांढरी छत्री. सफाईदार चाकूने पुरावाच मागे ठेवला!

म्हणून नियम लक्षात ठेवा. अनोळखी प्रकाराची पहिली अळंबी खुरप्याने, चार बोटं लांबून माती सैल करत, मुळासकट उचलायची. बुडाशी पिशवी आहे का, बुंधा गड्ड्यासारखा फुगला आहे का, देठाभोवती कडं आहे का, हे पाहून वहीत उतरवायचं. खड्डा बुजवून वर पाचोळा सारायचा. संग्रहालयात ठेवायचे नमुनेही असेच बुंध्यासकट घेतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा वाळवलेल्या बुरशींचा मोठा संग्रह आहे. तिथल्या अभ्यासकाला नुसती कापलेली छत्री देऊन जातीचं नाव विचारलंत, तर तो आधी बुंधा कुठे आहे हेच विचारील. ओळख पक्की झाल्यावर त्याच जातीच्या बाकीच्या अळंब्या खुशाल कापा.

प्रश्न : वारुळावर येणारी अळंबीच सगळ्यांत चविष्ट का असते? आणि धिंगरीसारखी तिची शेती का करता येत नाही?

उत्तर : चवीबद्दल वाद घालणार नाही. गोव्यात रोयणीची अळमी म्हणून तिच्यावर उड्या पडतात आणि विदर्भात सात्या म्हणून. शेतीचं उत्तर मात्र वारुळाच्या पोटात आहे.

या अळंबीच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. रॉजे हाइम या फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञाने ते १९४२ साली दिलं. दक्षिण भारतातल्या एका जातीला १९७९ मध्ये त्याचंच नाव मिळालं, टर्मिटोमायसिस हाइमी. ही बुरशी स्वतंत्रपणे रानात वाढत नाही, तिला वाळवी पाळते. वाळवीच्या कामकरी वाळलेली पानं, काटक्या, लाकूड खाऊन वारुळात आणतात आणि त्यांच्या विष्ठेपासून पोळ्यासारख्या सच्छिद्र गाद्या रचतात. त्या गाद्यांवर ही बुरशी वाढते. लाकडातला जो चिवट भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी फोडते, आणि बुरशीने मऊ केलेली जुनी गादी वाळवी खाते. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असा अंदाज आहे. माणसाची शेती बारा हजार वर्षांच्या आसपासची, म्हणजे या धंद्यात आपण अगदीच नवखे.

पावसाळ्यात वारुळातली हवा आणि ओल बदलते तेव्हा बुरशी वर फळ धाडते. गादी खोल असल्यामुळे अळंबीचा देठ खाली मुळासारखा निमुळता होत लांबपर्यंत जातो, कधी हातभर. कठीण माती फोडता यावी म्हणून टोपीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो. प्रयोगशाळेत या बुरशीचे तंतू वाढवता येतात, पण वाळवीवाचून तिला भरवशाने फळं आणून विकण्याजोगं पीक घेणं अजून साधलेलं नाही. धिंगरी भाताच्या पेंढ्यावर समाधानी असते. हिला मात्र वारूळ लागतं.

याचा साधनांशी संबंध असा. इथे खुरपं वापरायचं, पण पहार, कुदळ किंवा फावडं वारुळाला लावायचं नाही. वारूळ फोडलं की गाद्या उघड्या पडतात, त्यात पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षांची अळंबीही जाते. ओळख पटवायला एखाददुसरा लांब देठ जमेल तितका खोलवर सैल करून काढा, बाकीच्या हाताने हलक्या उचला.

दुसरं असं की सगळ्या कळ्या खुडायच्या नाहीत. बाजारात न उमललेल्या कळीला भाव जास्त, म्हणून ती आधी काढली जाते. पण आपल्याकडची बहुतेक वाळवी नवं वारूळ मांडते तेव्हा बुरशीचं बियाणं सोबत घेऊन जात नाही. नव्या घरच्या कामकरी बाहेर पडून, उमललेल्या अळंब्यांनी हवेत आणि मातीवर सोडलेले बीजाणू शोधून आणतात. एकही छत्री उमलू दिली नाही, तर नव्या वारुळांना बियाणं मिळणार कुठून? वेताच्या टोपलीतून चालता चालता बीजाणू सांडतात आणि जंगलाचं भलं होतं, असं युरोपात हौसेने सांगतात. त्याला फारसा पुरावा नाही. प्रत्येक वारुळावर चार-सहा छत्र्या पूर्ण उमलून सुकेपर्यंत राहू देणं हा उपाय जास्त खात्रीचा. गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी तिथल्या वारुळी अळंब्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यांच्या बेसुमार काढणीविरुद्ध जाहीरपणे सतत लिहिलं, ते याच काळजीपोटी.

प्रश्न : आजी अळंबी शिजवताना चांदीचं नाणं आणि लसणाची पाकळी टाकायची. काळी पडली नाही तर अळंबी बिनविषारी. ही साधी परीक्षा असताना एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : आजी वाचली ती नाण्यामुळे नव्हे, तिला अळंबी ओळखता येत होती म्हणून. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यानेही चांदीचा चमचा काळा पडतो, आणि जीवघेण्या अळंबीत तो लख्ख राहू शकतो. लसूण, कांदा आणि तांदूळ यांच्या रंगाचीही तीच गत.

याच घराण्यातल्या इतर समजुती एकदाच निकालात काढू. किडे-गोगलगायी खातात ती अळंबी माणसाला चालते, हे खोटं. काही फळमाश्यांच्या अळ्या विषारी अमॅनिटावरही वाढतात. लाकडावर उगवलेली सगळी सुरक्षित, हेही खोटं. गॅलेरिना ही छोटी तपकिरी अळंबी कुजक्या लाकडावरच येते आणि तिच्यात अमॅनिटाचंच विष असतं. भडक रंगाची विषारी आणि पांढरी सात्त्विक, हे तर सर्वांत धोक्याचं, कारण शुभ्र पांढऱ्या अमॅनिटा जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांपैकी आहेत. विषारी अळंबी कडू लागते असंही नाही. वाचलेल्या रुग्णांनी तिची चव चांगली होती असं सांगितलं आहे. उकळून पाणी फेकलं, वाळवली किंवा फ्रिजमध्ये ठेवली तरी अमॅनिटाचं विष टिकतं.

एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात, मुख्यतः चहामळ्यांतल्या कुटुंबांत, रानअळंबी खाऊन विषबाधा झाली आणि दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेरा जण दगावले. अळंबी खाण्याची रीत तिथे नवी नव्हती. रीत जुनी असली तरी प्रत्येक टोपलीतली प्रत्येक अळंबी नव्याने बघावी लागते.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढला की अॅप नाव सांगतं. ते पुरेसं नाही का?

उत्तर : नाव शोधायला सुरुवात म्हणून ठीक आहे, खायची परवानगी म्हणून नाही. अॅपला फोटोत जेवढं दिसतं तेवढंच कळतं. मातीतला बुंधा, वास, तुटल्यावर बदलणारा रंग यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. फोटो काढायचेच तर तीन काढा : वरून टोपीचा, खालून पात्यांचा आणि खुरप्याने काढलेल्या संपूर्ण देठाचा. शेजारी पट्टी ठेवा.

अॅपपेक्षा फार जुनी आणि जवळजवळ फुकट अशी एक चाचणी घरी करता येते. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद घ्या. उमललेल्या अळंबीचा देठ कापून टोपी पात्या खाली करून दोन्ही रंगांवर येईल अशी ठेवा. वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर बीजाणूंची रांगोळी उमटलेली असते. तिचा रंग पाहायचा. अमॅनिटाची पांढरी, म्हणून काळा कागद लागतो. वारुळी अळंबीची फिकट गुलाबी, बाजारातल्या बटण अळंबीची गडद चॉकलेटी.

आणि हिरवी उमटली तर? ती क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. बंगल्यांच्या हिरवळीवर, मैदानात पावसाळ्यात मोठ्या पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण करते ती. कोवळेपणी तिच्या पात्याही पांढऱ्या असतात, म्हणून भलेभले फसतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत भयंकर उलट्या-जुलाब सुरू होतात. सहसा जीव जात नाही, पण रुग्णालयाची वारी होते. शहरातल्या माणसाने ही एक ओळख शिकली तरी बरंच मिळवलं.

एक सावधगिरीची सूचना. या चाचणीने अळंबी बाद करता येते, पास करता येत नाही. एन्टोलोमा प्रजातीतल्या काही विषारी अळंब्यांची रांगोळीही गुलाबीच असते. बुंधा, कडं, पात्या, बीजाणू, जागा, हंगाम हे सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले तरच पुढे जायचं. एकाचीही साक्ष फिरली तर दुरडी रिकामी करायची.

प्रश्न : आम्ही दोघं झुरिकला स्थायिक झालो आहोत. इथे सप्टेंबरमध्ये शेजारी जंगलात अळंबीला जातात. कोकणातला अनुभव इथे कितपत उपयोगी पडेल?

उत्तर : चिखलात चालण्याचा आणि रोवळी वापरण्याचा उपयोगी, ओळखीचा जवळजवळ शून्य. उलट तो घातक ठरू शकतो. अमॅनिटा फॅलॉइडेस ही अळंबी युरोपात ओकच्या झाडांखाली उगवते, आणि तिथून रोपांच्या मुळांबरोबर उत्तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही पोचली आहे. तिची कोवळी अंडाकृती अवस्था आपल्या आशियातल्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी (धिंगरी नव्हे) दिसते, कारण दोघींच्या बुडाशी पिशवी असते. पूर्वेकडच्या देशांतून गेलेल्या स्थलांतरितांना परमुलखात याच साम्याने दगा दिला आहे. पेंढ्यावरची अळंबी गुलाबी रांगोळी घालते, ही पांढरी. पण अंडाकृती अवस्थेत रांगोळी मिळतच नाही.

तुमचं भाग्य असं की स्वित्झर्लंडमध्ये अनेक गावांत अधिकृत अळंबी-तपासनीस असतात. त्यांची संघटना १९२५ पासून आहे. टोपली घेऊन जायचं, ते एकेक अळंबी पाहून खाण्याची कोणती आणि फेकण्याची कोणती ते सांगतात. त्यांच्याकडे जाताना अळंबी कापून, सोलून, धुऊन नेऊ नका. बुंध्यासकट, प्रकारवार वेगळी न्या. इथेही शेवटी चाकूपेक्षा खुरप्याचंच काम निघालं! दिवसाला किती किलो काढायची आणि कोणत्या दिवशी काढायचीच नाही, याचे नियम काही कँटनांत आहेत. ते आधी विचारून घ्या. सीमेपलीकडे इटलीत गेलात तर १९९३ चा राष्ट्रीय कायदाच आहे : माणशी दिवसाला तीन किलोची मर्यादा, दाताळं चालवायला बंदी आणि हवेशीर टोपली सक्तीची.

प्रश्न : अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला तर घरी काय करावं?

उत्तर : घरी काही करत बसू नये. मीठपाणी पाजून उलटी काढणं, ताक, लिंबू, कोळसा यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात जा. त्याच ताटात जेवलेल्या सर्वांना न्या, त्रास होत नसलेल्यांनाही. उरलेली भाजी, न शिजवलेला तुकडा, कचऱ्यात टाकलेले देठ कागदात गुंडाळून सोबत घ्या.

डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा, खाल्लं कधी आणि त्रास कधी सुरू झाला. तीनचार तासांच्या आत उलट्या झाल्या तर बहुधा पोटापुरतं विष असतं. सहा तास उलटून गेल्यावर, म्हणजे रात्री जेवून पहाटे त्रास सुरू झाला, तर शंका अमॅनिटाची. त्यातलं विष यकृताच्या पेशींची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं. सगळ्यांत फसवा भाग पुढे येतो. दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब थांबतात, रुग्णाला बरं वाटतं, नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. बरं वाटलं तरी रक्ततपासण्या पूर्ण होईपर्यंत रुग्णालय सोडायचं नाही.

म्हणून ओळखीची अळंबी शिजवतानाही एक अख्खी, कच्ची, बुंध्यासकट कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये बाजूला ठेवण्याची सवय लावा. नवी जात पहिल्यांदा खाताना एकटीच, नीट शिजवून, दोन घासच खा. दोनतीन जातींची मिसळभाजी करू नका, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळणारच नाही.

प्रश्न : यंदाच सुरुवात करायची आहे. कुठे जावं? अभयारण्यात चालतं का?

उत्तर : अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून काहीही काढता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. वनहक्क कायद्याने, म्हणजे २००६ च्या कायद्याने, गौण वनोपजाचा हक्क मिळाला आहे तो तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना, सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना नव्हे. तेव्हा स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या माणसाच्या आंबराईतून, बांधावरून सुरुवात करा. रस्त्याकडेची, फवारणी केलेल्या बागेतली किंवा उकिरड्याजवळची अळंबी नको, ती आसपासचे जड धातू आणि औषधं शोषून घेते.

गावातल्या जाणत्या मावशींबरोबर जा. त्यांच्या वारुळाची जागा विचारू नका, ती घराण्याची ठेव असते आणि सांगितली तरी खोटी सांगतील. त्या नेतील तिथे जा आणि त्या कोणती अळंबी सोडून देतात ते बघा. कोणती घेतात हे एका पावसाळ्यात कळतं. कोणती सोडतात आणि का, हे कळायला वेळ लागतो, म्हणून त्याच्याच नोंदी जास्त ठेवा. पहिल्या वर्षी खायला फक्त त्यांनी हातात दिलेली अळंबी घ्या. बाकी सगळी खुरप्याने काढा, कागदावर ठेवा, रांगोळी पाहा, वहीत लिहा आणि टाकून द्या. दुसऱ्या पावसाळ्यात तीच जात, त्याच जागी, सगळ्या खुणांसह मावशींच्या आधी तुम्ही ओळखलीत आणि त्यांनी मान डोलावली, तर तो महागडा चाकू मागवायला हरकत नाही.